लोड टेस्टिंग : आधी काटा तपासा

२१ मे २०२५ रोजी अकरावीची ऑनलाइन नोंदणी पहिल्यांदाच साऱ्या महाराष्ट्रासाठी एकाच वेळी सुरू व्हायची होती. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे-पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरतीच होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. त्याआधी चार वर्षे, २८ एप्रिल २०२१ला दुपारी चार वाजता, अठरा वर्षांवरच्या सर्वांसाठी कोविन या संकेतस्थळावर कोविडच्या लसीची नोंदणी खुली झाली. तेव्हा गर्दीच्या शिखरावर मिनिटाला सुमारे २७ लाख विनंत्या येत होत्या, म्हणजे सेकंदाला ४५ हजार.

असे दिवस अचानक येत नाहीत. तारीख आणि वेळ सरकारनेच जाहीर केलेली असते, विद्यार्थ्यांची संख्या आधी ठाऊक असते. म्हणून त्या दिवसाची रंगीत तालीम करता येते. तिलाच लोड टेस्टिंग म्हणतात. एका किंवा अनेक संगणकांवरून हजारो कृत्रिम वापरकर्ते सर्व्हरवर सोडायचे आणि तो किती वेळात उत्तर देतो, कुठे अडतो, कधी बसतो हे पाहायचे.

या तालमीतल्या एका तांत्रिक प्रश्नाचा हा आढावा आहे. लोड टेस्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट एचटीटीपी क्लायंट कोणता असावा? प्रश्न प्रोग्रामरांपुरता वाटतो. पण तालमीचा निकाल खरा की खोटा, हे बऱ्याचदा याच निवडीवर ठरते.

प्रश्न नेमका काय

लोड टेस्टिंगच्या कोणत्याही साधनाचे दोन भाग असतात. पहिला भाग किती वापरकर्ते, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने हे ठरवतो. दुसरा भाग सर्व्हरशी प्रत्यक्ष बोलतो. कनेक्शन उघडणे, रिक्वेस्ट पाठवणे, उत्तर वाचणे आणि नंतर कनेक्शन राखून ठेवणे किंवा तोडणे, ही त्याची कामे. हा दुसरा भाग म्हणजे एचटीटीपी क्लायंट. खऱ्या जगात हे काम विद्यार्थ्याच्या मोबाइलमधला ब्राउझर करतो, तालमीत हा क्लायंट करतो.

नागपूरच्या कळमना बाजारात मालाची गाडी आधी धरमकाट्यावर चढते. काटा चुकीचा असेल तर वजन चुकते, आणि त्यात मालाचा दोष नसतो. एचटीटीपी क्लायंट हा लोड टेस्टिंगचा धरमकाटा आहे. तो स्वतः अडखळत असेल तर सर्व्हर मंद दिसतो. तो चुका झाकत असेल तर सर्व्हर धडधाकट दिसतो. दोन्ही वेळा अहवालातले आकडे नीटनेटके असतात, म्हणूनच फसवणूक लक्षात येत नाही.

आता डिफॉल्टविषयी. नागपूरच्या हिंगणा रोडवर वानाडोंगरी, डिगडोह या भागांत अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांग आहे. यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९८४पासूनचे. इथली मुले पुढे परसोडीच्या आयटी पार्कमध्ये, मिहानमध्ये किंवा पुण्यात टेस्टिंगच्या नोकरीला लागतात. त्यांनी शिकताना उघडलेले पहिले लोड टेस्टिंग साधन बहुधा जेमीटर असते, कारण ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. त्यात एचटीटीपी रिक्वेस्ट जोडली की पत्ता भरायचा, बटण दाबायचे. ‘इम्प्लिमेंटेशन’ नावाचा रकाना तसाच रिकामा राहतो. तो रिकामा ठेवणाऱ्याच्या वतीने साधन बनवणाऱ्यांनी आधीच निवड केलेली असते. ज्याला या प्रश्नाची कल्पनाही नाही अशा माणसासाठी डिफॉल्ट काम करतो, आणि म्हणून तो निवडताना जबाबदारी जास्त असते.

जेमीटरचा प्रवास

या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास जेमीटरचाच आहे. स्तेफानो माझोक्की यांनी १९९८मध्ये ते लिहायला घेतले, अपाचे जेसर्व्ह या जावा सर्व्हरची कामगिरी मोजण्यासाठी. २०११मध्ये ते अपाचे फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प झाले.

सुरुवातीला जेमीटर जावाबरोबर येणारा ‘एचटीटीपी यूआरएल कनेक्शन’ हा क्लायंट वापरत असे. कारण सरळ होते. तो जावामध्येच होता, वेगळे काही आणावे लागत नव्हते. पुढे अपाचेचाच ‘एचटीटीपी क्लायंट ३.१’ जोडला गेला आणि २०११च्या सुमारास ‘एचटीटीपी क्लायंट ४’. काही काळ यादीत तिन्ही पर्याय होते आणि काहीच न निवडल्यास जावाचा जुना क्लायंट चालत असे. ३.१ ही आवृत्ती २००७ची. २००९मध्ये ४.० आल्यावर तिची देखभाल थांबली आणि कालांतराने जेमीटरनेही ती काढून टाकली. आज जावा आणि एचटीटीपी क्लायंट ४ असे दोनच पर्याय आहेत. रकाना रिकामा ठेवला तर एचटीटीपी क्लायंट ४ चालतो.

डिफॉल्ट बदलण्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. कोणतेही साधन निवडताना त्याच कसोट्या लावता येतात.

पहिली कसोटी : कनेक्शन कुणाचे?

ब्राउझर सर्व्हरशी एकदा कनेक्शन उघडतो आणि पुढच्या अनेक विनंत्या त्यावरूनच पाठवतो. याला कीप-अलाइव्ह म्हणतात. एचटीटीपी १.१मध्ये हीच रीत गृहीत आहे. नवे कनेक्शन महाग का पडते ते एका हिशेबातून पाहू.

समजा, हिंगण्याहून मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंत निरोप जाऊन यायला २० मिलिसेकंद लागतात आणि सर्व्हर स्वतः ३० मिलिसेकंदांत काम उरकतो. कनेक्शन आधीच उघडे असेल तर उत्तर ५० मिलिसेकंदांत हाती. नवे उघडायचे असेल तर कनेक्शन जोडणाऱ्या टीसीपीची एक फेरी आणि ते सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.२च्या दोन फेऱ्या, म्हणजे ६० मिलिसेकंद आधीच खर्ची पडतात. एकूण ११०. टीएलएस १.३ने एक फेरी वाचवली, तरी ९० होतातच. सर्व्हर तोच, काम तेच, पण आकडा जवळपास दुप्पट. शिवाय प्रत्येक नव्या टीएलएस जुळणीत सर्व्हरच्या प्रोसेसरला सही करण्याचे जड गणित करावे लागते. त्यामुळे नुसता वेळ वाढत नाही, सर्व्हर खरोखरच जास्त थकतो.

जावाच्या जुन्या क्लायंटची अडचण इथे सुरू होते. रिकामी झालेली कनेक्शने तो सर्वांच्या सामाईक साठ्यात ठेवतो, आणि डिफॉल्ट मांडणीत एका ठिकाणासाठी अशी पाचच कनेक्शने राखली जातात. एका माणसासाठी पाच पुष्कळ झाली. पण तीनशे कृत्रिम वापरकर्ते एकाच संकेतस्थळावर सोडले की पाच कनेक्शने टिकतात, बाकीची पुन्हा पुन्हा तुटतात आणि नव्याने उघडतात. शिवाय टिकलेले कनेक्शन कुणाच्या वाट्याला येईल याचा भरवसा नसतो. एका वापरकर्त्याने, समजा आकाशने, उघडलेले कनेक्शन पुढच्या क्षणी दुसऱ्या कुणाला, समजा स्नेहलला, मिळू शकते. खऱ्या जगात असे कधी होत नाही. या क्लायंटमध्ये कनेक्शनच्या पुनर्वापरावर ताबा ठेवता येत नाही, ही मर्यादा जेमीटरच्या माहितीपुस्तिकेतच नोंदवली आहे.

एचटीटीपी क्लायंट ४ वापरताना जेमीटर प्रत्येक कृत्रिम वापरकर्त्याला स्वतंत्र क्लायंट देतो. त्याची कनेक्शने त्याचीच राहतात. एक फेरी संपून दुसरी सुरू होताना जुनी कनेक्शने सोडून नव्या माणसासारखी सुरुवात करायची की तोच माणूस पुढे चालू ठेवायचा, हेही ठरवता येते. निकालाच्या दिवशी प्रत्येक जण नवा असतो. बँकेच्या कामात तोच माणूस अर्धा तास आत असतो. हा फरक ज्या क्लायंटमध्ये मांडता येतो तो मोजण्यासाठी योग्य.

याच कसोटीत दुसरा एक हिशेब येतो. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी साधारणपणे ३२,७६८ ते ६०,९९९ या क्रमांकांची पोर्ट वापरली जातात, म्हणजे २८,२३२. जी बाजू कनेक्शन आधी तोडते, तिच्याकडे ते पोर्ट ६० सेकंद अडकून पडते. क्लायंट प्रत्येक विनंतीनंतर स्वतःच कनेक्शन तोडत असेल, तर एका मशीनवरून एका सर्व्हरच्या एका पोर्टाशी सेकंदाला सुमारे ४७० नवीन कनेक्शनांच्या पुढे सातत्याने जाता येत नाही. मग अहवालात त्रुटी वाढत जातात, लोक सर्व्हर तपासत बसतात, आणि दमलेली असते ती तपासणारी मशीन.

दुसरी कसोटी : चूक लपवतो की सांगतो?

क्लायंट नेहमीच्या कामासाठी बनतो तेव्हा अडचण आली की गुपचूप पुन्हा प्रयत्न करणे हा त्याचा गुण असतो. मोजमापात तोच मोठा दोष ठरतो.

जावाच्या जुन्या क्लायंटमध्ये ही सवय खोलवर आहे. वापरात असलेले कनेक्शन सर्व्हरने उत्तर येण्याआधी बंद केले, तर तो विनंती स्वतःहून पुन्हा पाठवतो. नुसती माहिती वाचणारी गेट विनंती असेल तर एक वेळ चालेल, पण अर्ज भरणारी पोस्ट विनंतीसुद्धा तो डिफॉल्ट मांडणीत पुन्हा पाठवतो. म्हणजे सर्व्हरवर अर्ज दोनदा पोहोचण्याची शक्यता असते आणि अहवालात मात्र एकच यशस्वी विनंती दिसते. ज्या क्षणी सर्व्हर कनेक्शने तोडू लागला, नेमका तोच क्षण पाहण्यासाठी तर ही सारी खटपट होती. तोच झाकला जातो.

एचटीटीपी क्लायंट ४मध्येही पुनर्प्रयत्नाची सोय आहे, पण जेमीटरने तिचा डिफॉल्ट आकडा शून्य ठेवला आहे. कनेक्शन तुटले की तुटल्याची नोंद होते. नवख्या माणसाला ‘सर्व्हरने उत्तर दिले नाही’ अशा लाल ओळी बघून धास्ती वाटते आणि तो क्लायंट बदलतो. ओळी नाहीशा होतात, पण अडचण जागची हलत नाही.

तिसरी कसोटी : गर्दी कुठून आली?

मोठ्या संकेतस्थळामागे एक सर्व्हर नसतो, अनेक असतात. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस यंत्रणा वेगवेगळ्या वापरकर्त्यांना वेगवेगळे पत्ते देऊ शकते, आणि गर्दी वाढली की नवे पत्तेही जोडले जातात. गावागावांतले विद्यार्थी स्वतंत्रपणे पत्ता विचारतात. तालमीची मशीन मात्र एकदा मिळालेले उत्तर काही काळ लक्षात ठेवते. मग सारे कृत्रिम वापरकर्ते एकाच सर्व्हरवर तुटून पडू शकतात आणि बाकीचे सर्व्हर रिकामे बसतात. जेमीटरमध्ये यावर उपाय म्हणून डीएनएस कॅश मॅनेजर आहे, प्रत्येक वापरकर्त्याला पत्ता वेगळा शोधायला लावणारा. तो एचटीटीपी क्लायंट ४बरोबरच काम करतो, जावाच्या क्लायंटबरोबर नाही. एकाच मशीनवरून वेगवेगळ्या आयपी पत्त्यांनी विनंत्या पाठवण्याची सोयही एचटीटीपी क्लायंट ४मध्येच आहे.

जावाच्या क्लायंटच्या आणखीही मर्यादा आहेत. वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रावर चालणारी ओळख, कर्बेरॉस आणि व्हर्च्युअल होस्ट यांची सोय त्यात नाही. एचटीटीपीच्या सातच मेथड चालतात आणि त्यात आज सर्रास वापरली जाणारी पॅच नाही. अनेक मांडण्या साऱ्या प्रोग्रामसाठी एकदाच लागू होतात, वापरकर्त्यानुसार वेगळ्या करता येत नाहीत.

बाकीच्या साधनांनी काय निवडले?

अपाचेच्या वेब सर्व्हरबरोबर येणारे ‘एबी’ हे छोटे साधन आजही पुष्कळ जण वापरतात. ते एचटीटीपी १.०च्या पद्धतीने विनंत्या पाठवते आणि कीप-अलाइव्ह वेगळे मागितल्याशिवाय मिळत नाही. एक पान पटकन पाहायला ठीक, पण त्यावरून विद्यार्थ्यांच्या गर्दीचा अंदाज बांधू नये.

पायथनमधल्या लोकस्टने डिफॉल्ट म्हणून ‘रिक्वेस्ट्स’ ही सर्वांच्या ओळखीची लायब्ररी ठेवली. शिकायला सोपी, पण प्रोसेसर जास्त खाणारी. म्हणून त्यांनी ‘फास्ट एचटीटीपी यूझर’ हा दुसरा पर्याय दिला. लोकस्टच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे अनुकूल परिस्थितीत एका प्रोसेसर कोअरवर डिफॉल्ट क्लायंट सेकंदाला सुमारे ४,००० विनंत्या पाठवतो, तर दुसरा सुमारे १६,०००. चौपट फरक क्लायंटमुळे पडतो आणि यात सर्व्हरचा काही संबंध नाही, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. मात्र लोकस्टने डिफॉल्ट बदलला नाही. ओळखीच्या लायब्ररीने सुरुवात करा आणि मशीन कमी पडू लागली की जलद क्लायंट घ्या, असे त्यांचे धोरण आहे. ते उघडपणे लिहून ठेवले आहे, म्हणून मला ते मान्य आहे.

गॅटलिंगने नेट्टी या लायब्ररीवर उभारलेला स्वतःचा क्लायंट बाळगला. के-सिक्सने गो भाषेचा अंगभूत क्लायंट घेतला. गोच्या त्या क्लायंटला एचटीटीपी २ येत असल्याने सर्व्हरने होकार दिला की के-सिक्स आपोआप एचटीटीपी २वर जाते. भाषेबरोबर आलेला क्लायंट नेहमी वाईटच असतो असे नाही, हे यातून दिसते. जावाचा जुना क्लायंट मागे पडला कारण तो नव्वदच्या दशकात, एकेकट्या प्रोग्रामच्या गरजेतून घडला होता.

दुसरी बाजू

जावाचा क्लायंटच डिफॉल्ट ठेवा म्हणणाऱ्यांचे मुद्देही ऐकले पाहिजेत. बाहेरची लायब्ररी म्हणजे तिच्या आवृत्त्या, तिच्यातले दोष आणि तिचे आयुष्य यांच्याशी बांधिलकी. एचटीटीपी क्लायंट ३.१चे हेच झाले. जुन्यावर विसंबलेल्यांना तो निघून गेल्यावर दुसऱ्या क्लायंटकडे जावे लागले. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. डिफॉल्ट बदलला की गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. सर्व्हर सुधारला की क्लायंट बदलला, हे कळायला मार्ग राहत नाही.

हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण त्यावरचा उपाय जुना डिफॉल्ट कायम ठेवणे हा नव्हे. बदल ठळकपणे जाहीर करावा, जुना पर्याय काही काळ यादीत ठेवावा आणि चाचणी करणाऱ्याने क्लायंटचे नाव चाचणीतच लिहून टाकावे. जेमीटरने साधारण हीच वाट धरली.

वेगाचा मुद्दाही काही जण लावून धरतात. जो क्लायंट कमी खर्चात जास्त विनंत्या पाठवतो तोच डिफॉल्ट असावा, असे त्यांचे म्हणणे. वेग हवाच, नाहीतर थकलेली मशीन आकडे बिघडवते. पण कुकी न ठेवणारा, एकच पान ओढून चित्रे आणि स्टाइल सोडून देणारा क्लायंट जलद असणारच. एचटीटीपी १.१मध्ये ब्राउझर एका ठिकाणाशी साधारण सहा कनेक्शने उघडतो. जेमीटरमध्ये पानातल्या बाकीच्या फाइली एकदम ओढायची सोय वापरली तर तिचाही डिफॉल्ट आकडा सहाच आहे. वेग वाढवण्याआधी असे साम्य साधावे लागते.

पुढचा पेच

एचटीटीपी २चे मानक मे २०१५मध्ये आले, एचटीटीपी ३चे जून २०२२मध्ये. एचटीटीपी २मध्ये एकाच कनेक्शनवरून अनेक विनंत्या एकदम जातात. एचटीटीपी ३ तर टीसीपीऐवजी क्विक या प्रोटोकॉलवर चालते. विद्यार्थ्याचा मोबाइल आज हे दोन्ही जाणतो. जेमीटरचा डिफॉल्ट क्लायंट मात्र ५.६.३ या जानेवारी २०२४च्या आवृत्तीतही एचटीटीपी १.१च बोलतो, एचटीटीपी २साठी वेगळे प्लगइन लावावे लागते. अपाचेच्याच ‘एचटीटीपी क्लायंट ५’ला एचटीटीपी २ येते, जावा ११बरोबर २०१८मध्ये आलेल्या नव्या क्लायंटलाही येते. म्हणजे जुना प्रश्न नव्या रूपात पुन्हा दारात उभा आहे. ज्यांच्या सर्व्हरसमोर एचटीटीपी २ चालू आहे, त्यांनी केवळ १.१वर घेतलेल्या चाचणीतून कनेक्शनांच्या संख्येचा अंदाज बांधू नये.

निवाडा

साऱ्या बाजू पाहिल्यावर माझे मत स्पष्ट आहे. डिफॉल्ट क्लायंट तोच असावा, जो प्रत्येक कृत्रिम वापरकर्त्याची कनेक्शने वेगळी ठेवतो, अपयश आले की विनंती परस्पर पुन्हा न पाठवता नोंदवतो, पत्ता शोधण्यावर ताबा देतो आणि ज्याची देखभाल चालू आहे. वेगाचा क्रम यानंतर. या कसोट्यांवर जेमीटरने जावाच्या क्लायंटकडून एचटीटीपी क्लायंट ४कडे जाणे योग्य होते. आता एचटीटीपी २ जाणणारा क्लायंट डिफॉल्ट करणे हे पुढचे पाऊल आहे, आणि ते जितके लवकर पडेल तितके बरे.

चाचणी करणाऱ्याच्या हातात यातले पुष्कळ काही आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर साधनाची आवृत्ती, क्लायंटचे नाव, कीप-अलाइव्ह चालू की बंद, पुनर्प्रयत्नांचा आकडा, डीएनएसची मांडणी आणि चाचणी घेणाऱ्या मशीनचा प्रोसेसर किती टक्के वापरात होता, हे सहा तपशील लिहावेत. जेमीटरची खरी चाचणी खिडकी उघडून नव्हे, कमांड लाइनवरून घ्यावी. ते साधन स्वतःच तशी सूचना देते. आणि महत्त्वाची चाचणी दोन वेगळ्या क्लायंटनी एकदा तरी ताडून पाहावी. दोघांचे आकडे जुळले तर काटा बरोबर आहे असे मानायला आधार मिळतो. जुळले नाहीत, तर सर्व्हरला हात लावण्याआधी काटा तपासावा.

हिंगणा रोडवरच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. लोड टेस्टिंगच्या पहिल्या प्रात्यक्षिकात एकच पान, एकच सर्व्हर घ्या आणि ‘इम्प्लिमेंटेशन’चा रकाना दोनदा बदलून दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. दोन आकड्यांत फरक का पडला हे ज्या मुलीला किंवा मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल, त्यांच्याकडे उद्या राज्याच्या प्रवेशाचे संकेतस्थळ तपासायला द्यायला हरकत नाही.